अठरावं मडकं

मे महिना लागला आणि वाळूचा वारा सलग नऊ दिवस वाहिला. दहाव्या दिवशी लोक घराबाहेर आले ते डोळे चोळत, थुंकत, वाऱ्याच्या आईमाईचा उद्धार करत. खजुरीची झाडं जागच्या जागी होती, पण पाणी निम्म्यावर आलं होतं. पठाराच्या कडेपासून गावापर्यंत जमिनीच्या पोटातून आणलेला बोगदा, त्याला फोग्गारा म्हणत, तो आजे-पणज्यांनी गुडघ्यांवर बसून खणलेला. वाटेवर त्याला हवेसाठी विहिरी पाडलेल्या. त्या विहिरींच्या तोंडांतून वाळू आत गेली आणि बोगद्याचा घसा दाटला.

बोगद्याचं पाणी गावाच्या वरच्या अंगाला एका हौदात यायचं. हौदाच्या ओठावर आडवा दगडी कंगवा बसवलेला. कंगव्याला अठरा खाचा, अठरा वाटेकऱ्यांच्या. ज्याच्या खाचेतून जेवढं पाणी, तेवढी त्याची बाग, आणि तेवढंच त्याच्या घरातलं सुख.

बूजमा आठ दिवस बोगद्यात उतरत होता. कमरेला दोर, हातात आखूड दांड्याची कुदळ. खाली ताठ बसायलाही जागा नाही. भिजलेली वाळू टोपल्यात भरायची, दोर हलवायचा, वर बरका टोपलं ओढून घ्यायचा. चाळिशीतला माणूस, पण वर आला की म्हाताऱ्यासारखा वाकूनच चालायचा. पाठीचे मणके सोललेले, नखांखाली चिखल.

"काय रं बूजमा, बापाची गाठ पडली का खाली?" बरकानं विचारलं. बरकाची जीभ अशीच. बूजमाचा बाप याच बोगद्यात दरड कोसळून गेला होता, अठ्ठावीस वर्षांमागं.

"पडली की. म्हणाला, बरकाला खाली धाड, वर बसून लई माजलाय."

"मला दमा हाय बाबा!"

"काल लग्नात नाचताना कुटं गेला हुता दमा?"

सगळे हसले. हाज मौलूदसुद्धा हसला. तो गावाचा म्होरक्या, सत्तरीचा, पांढरा फेटा, हातात काठी. मग काठी आपटून तो म्हणाला, "वाळू निघाली तरी पाणी काय पयल्यासारखं येणार न्हाई. पठारच सुकत चाललंय. तवा नव्यानं माप करायचं. गुरुवारी. ज्याचं त्याला, आता हाय त्यातलं."

"मापणार कोण?" कुणीतरी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. गावाचा मापारी बा अल्लाल तीन महिने अंथरुणाला खिळलेला, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि बारा वर्षं त्याच्या हाताखाली कोण शिकतंय, तेही.

"बूजमा मापंल," हाज मौलूद म्हणाला. "अल्लालच्या हाताचा हाय. आणिक काय पायजे?"

बूजमाचा ऊर भरून आला. बापाविना वाढलेला माणूस. कुणी आपल्याला कुणाच्या हाताचा म्हणावं, याचंच त्याला अप्रूप होतं.

*

बा अल्लालला बायको नव्हती, पोर नव्हतं. एका खोलीत चटईवर तो पडलेला असायचा. पाय सुजून खांबासारखे झालेले, छातीत पाणी. बूजमा रोज कामावरून सुटला की आधी तिकडं जायचा. त्याला उठवून बसवायचा, पुसायचा, जवाची पेज चमच्यानं भरवायचा.

त्या दिवशी गेला तेव्हा मसऊदा दारातच भेटली. बाई साठीची, वाळलेली, नवरा परमुलखात मेलेला. बूजमा तिला खाल्ती, म्हणजे मावशी म्हणायचा. बूजमाच्याच बागेत ती खुरपायला, शेणखत टाकायला यायची आणि जव घेऊन जायची. एक शेळी होती तिची. त्या शेळीचं दूध ती तीन महिने रोज म्हाताऱ्याला आणून द्यायची.

"आजबी पीत न्हाई बघ," ती म्हणाली. "तोंड फिरवून घेतुया. माझ्या हाताला काय वास येतुया का?"

"तसं न्हाई खाल्ती. मापाचा आठवडा हाय. या आठवड्यात मापारी कुणाच्याच घरचं घेत न्हाई. चहाचा घोट न्हाई, खजुराची बी न्हाई. तुला ठावं हाय की."

"ठावं हाय. पर हा तर कवाच घेत न्हाई. तीन महिन्यांत एक घोट न्हाई. घरी न्हेऊन मीच पिते." ती तांब्या पदराखाली घेऊन निघून गेली.

बूजमाला म्हाताऱ्याचा अभिमानच वाटला. हाच तर माणूस! बारा वर्षांत एका भोकाच्या पाण्याला एक दाणा धरून तांब्याच्या पत्र्यातली भोकं मोजणं, माती मळून ती भोकं बुजवणं, पत्र्याच्या काठाशी पाणी समपातळीला आलं की नाही ते डोळ्यानं ओळखणं, हे सगळं बूजमा त्याच्याकडून शिकला होताच. पण त्याहून जास्त तो जगायचं कसं ते शिकला होता. मापाआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. माती आपली आपण मळायची, दुसऱ्याच्या हातची घ्यायची नाही. वाटेकरी गाऱ्हाणं सांगायला आला की त्याच्या तोंडाकडं बघायचं नाही, पाण्याकडं बघायचं. आपल्या बागेचं माप सगळ्यात शेवटी. हे नियम बूजमा घरातही पाळायचा. बायकोनं भाकरी वाढली की आधी पोरींची ताटं भरली का ते बघायचा.

"बा, गुरुवारी माप हाय. मला मापायला सांगितलंय," तो म्हणाला.

म्हातारा नुसता श्वास ओढत राहिला.

"माझ्या गुरूला आंघोळ घातली, तवा अठरा मडकी आली हुती," तो शेवटी म्हणाला. "अठराच्या अठरा."

गावची रीत होती ती. मापारी मेला की त्याच्या शेवटच्या आंघोळीला प्रत्येक वाटेकऱ्याच्या पाटातून एक मडकं पाणी यायचं. जन्मभर ज्यानं पाणी वाटलं, त्याला सगळ्यांनी ते परत करायचं.

"तुमालाबी येतील. पर एवढ्यात कशाला त्ये?"

"सतरा आली तर?"

"काय तरीच काय बोलता!"

*

दुसऱ्या दिवशी बूजमा त्याचे पाय धूत होता. कातडी इतकी ताणलेली की बोट लावलं तर खळगा तसाच राहायचा. म्हातारा छताकडं बघत बोलायला लागला.

"तुझा बाप मेला तवा तू बारा वर्सांचा. आठवतं?"

"आठवतं."

"गावानं काय दिलं तुमाला? सगळ्यांसाठी खाली उतरला, सगळ्यांसाठी मेला. जनाजा उचलला आणि जो तो आपापल्या बागेत गेला. तुझी आई हौदावर येऊन बसायची. बोलायची न्हाई. नुसती तुमच्या खाचेकडं बघत बसायची." त्याला खोकला आला. बूजमानं पाठ धरली. "त्या साली माप हुतं. शेजारची खाच बिलालची. मसऊदाच्या नवऱ्याची. त्याचं पाणी चांगलं हुतं. त्याच्या खाचेच्या तळाला मी मातीचा थर दाबला, वर चुना फासला. तुमच्या खाचेचा तळ तेवढाच खरवडला. तीन दाणे पाणी. तीन दाण्यांनी काय हुतंय, वाटलं."

बूजमाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"खोटं," तो म्हणाला.

"बिलाल आला माझ्याकडं. म्हणाला, बा, पाणी कमी येतंय. मी पाण्याकडं बघत ऱ्हायलो. दुसऱ्यांदा आला, चारचौघांत बोलला. हाज मौलूद तवा नवा नवा म्होरक्या. त्यानं मशिदीच्या अंगणात सगळ्यांसमोर बिलालला माझ्या डोक्याचं चुंबन घ्यायला लावलं, माफी मागायला लावली. मी डोकं पुढं केलं." म्हातारा थांबला. "त्याचे ओठ कोरडे हुते. अजून इथं लागतात."

पुढचं सांगायची गरज नव्हती. बिलालची बाग दोन उन्हाळ्यांत गेली. तो दूरच्या वाळवंटात रस्त्याच्या कामावर गेला आणि तिकडंच मेला, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. खोटं बोलणारा, चांगल्या माणसावर आळ घेणारा बिलाल. बूजमानं स्वतः लहानपणी त्याच्या मागं हुर्यो केली होती.

"ते नियम," बूजमा म्हणाला. "चहा घ्यायचा न्हाई, हात धुवायचे..."

"माझ्या गुरूनं असलं काय शिकवलं नव्हतं. तो सगळ्यांच्या घरी जेवायचा, मापच सरळ करायचा. नियम मी केले. त्या दिवसानंतर. लोक म्हणायला लागले, बघा, अल्लाल किती सोवळा. दोनदा माप झालं मधे, दोन्ही वेळा ठरवलं, आता सरळ करायचं. मग तू शिकायला आलास. तू ज्या डोळ्यांनी बघायचास ना रं माझ्याकडं... मला जमलं न्हाई."

"म्हंजे मी जगायला शिकलो, ते तुमचं पाप झाकायचं फडकं!"

"व्हय," म्हातारा म्हणाला. "पर फडकं स्वच्छ हाय. ते फेकू नगंस. गुरुवारी तेवढं सरळ कर. तिचं तिला दे. फकस्त माझं नाव काढू नगं. पाणी घटलंय, खाच झिजलीय, काय बी सांग. मला अठरा मडकी येऊ दे. एवढंच मागतो."

बूजमानं पाय तसेच ओले ठेवले आणि उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पाय कोरडे केले आणि मग गेला.

*

कल्तूम कांद्याच्या वाफ्यात बसली होती. त्याची बायको. तिच्यापाशी लपवणं त्याला कधी जमलंच नाही. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग मातीचं ढेकूळ उचलून पाटात भिरकावलं.

"आपल्याला आता सात दाणे पाणी. घटून चार ऱ्हाणार. त्यातनं तीन तिला? एका दाण्यावर तीस खजुरी? मोजून दाखव मला, मापारी ना तू!"

"तिचंच हाय ते."

"माझा काय गुन्हा? मी या घरात आले तवा पाणी वाहतच हुतं. खजुरीला पराग लावायच्या दिवसांत या हातांनी झाडावर चढले मी, पोटात पोर असताना! तुला संत व्हायचंय तर हो, पर माझ्या झाडांच्या जिवावर नगं."

"कल्तूम, ती आपल्या बागेत खत टाकते गं. तिच्याच पाण्यावरच्या बागेत. आपण वरनं तिला जव देतो, आणि ती दुवा देते."

कल्तूमनं हातांची माती झटकली. "हे मला सांगायला नगं हुतं," ती म्हणाली. "आता मला झोप यायची न्हाई." आणि रागारागानं कांदे उपटायला लागली. अजून भरले नव्हते ते.

*

गुरुवारी सकाळी सगळा गाव हौदावर जमला. फातिहा झाली. बूजमानं कोपरापर्यंत हात धुतले. धुताना मनात काहीतरी आंबट आलं, पण धुतले. माती मळली. तांब्याचा पत्रा प्रवाहात आडवा धरला. एक एक भोक उघडत, बुजवत तो मोजत गेला आणि हाज मौलूद आकडे पुकारत गेला. सोळा खाचा झाल्या. प्रत्येकाचं पाणी कमी झालं होतं, पण कुणी कुरकुरलं नाही. अल्लालच्या हाताचा होता ना!

मग मसऊदाची खाच. बाई मागं उभी होती, पदर तोंडावर धरून. तिच्या खाचेतून पाण्याची नुसती ओळ येत होती. चार झुडपं आणि एक खजूर, एवढंच राहिलं होतं तिकडं.

बूजमानं छिन्नी घेतली. चुन्याचा थर उडवला. खाली माती होती, विटेसारखी कडक झालेली. तो सगळा थर अखंड निघून त्याच्या तळहातावर आला. वरच्या बाजूला अंगठ्याचा ठसा होता. अर्ध्या अंगठ्याचा. बा अल्लालच्या उजव्या अंगठ्याचं टोक तरुणपणीच कुऱ्हाडीनं गेलं होतं. त्याचा थोटा अंगठा गावातलं शेंबडं पोरही ओळखायचं.

बूजमानं मूठ मिटली. मूठ पाण्यात बुडवून चोळली असती तर ठसा विरून गेला असता. त्यानं ती मूठ मांडीवर ठेवली, डाव्या हातानं पत्रा धरला, मसऊदाच्या खाचेतून पाणी मोकळं केलं. मग स्वतःच्या खाचेचा तळ मातीनं भरून घेतला. त्याच्या बागेकडचं पाणी पेन्सिलीएवढं झालं, मसऊदाकडचं तीन बोटं.

"अरं, अरं!" बरका ओरडला. "आपलं काढून बाईला दिलं की यानं!"

"वा रं पठ्ठ्या!" हाज मौलूदचे डोळे पाणावले. "याला म्हणत्यात अल्लालचा चेला. बघा रं, स्वतःच्या तोंडातला घास काढून विधवेला दिला! मसऊदा, पुढं ये. दुवा दे त्याला."

लोकांनी बाईला वाट करून दिली. ती आली. पाण्याकडं बघत होती, विश्वास बसत नव्हता तिचा. मग तिनं बूजमाच्या डोक्याचं चुंबन घ्यायला मान वाकवली. तिचे ओठ कोरडे होते. ते त्याच्या कपाळाला लागायच्या आत तो मागं सरकला, जवळजवळ पडलाच.

"नगं खाल्ती," तो म्हणाला. "मी काय दिलं न्हाई. तुझंच हाय. बिलाल खरं बोलत हुता." आणि त्यानं मूठ उघडली.

आधी कुणाला कळलं नाही. मग पुढच्या माणसांनी ठसा पाहिला. मागच्यांनी माना उंच केल्या. बरकाच्या तोंडून शब्द फुटेना, हे गावानं पहिल्यांदा पाहिलं.

"त्यांनीच सांगितलं मला," बूजमा म्हणाला. "आमच्यासाठी केलं. अठ्ठावीस वर्सं आम्ही हिचं पाणी खाल्लं."

हाज मौलूदचा चेहरा राखेसारखा झाला. तो पुढं आला, बूजमाच्या तळहातावरनं तो तुकडा उचलला, उलटापालटा करून पाहिला आणि हौदात टाकला. बुडबुडे आले. पाणी थोडा वेळ गढूळ झालं, मग निवळलं.

"मरणाच्या दारात असलेल्या माणसावर असलं बोलू नये," तो म्हणाला. "माती हाय. मातीवर काय बी उमटतं. माप झालं. घरी जा."

आणि लोक गेले. खरंच गेले. मसऊदा तेवढी खाचेपाशी बसून राहिली. तिनं पाण्यात हात धरला होता. "मशिदीत माफी मागून आला," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तवा मीच त्याला म्हणाले, कशाला त्या देवमाणसाच्या वाटेला गेलास? मीबी त्याला खोटाच म्हणाले रं."

*

"सांगितलं?" बा अल्लालनं विचारलं. बातमी आधीच पोचली होती.

"सांगितलं. पाणीबी गेलं हुतं त्याचं, आणि नावबी. नुसतं पाणी देऊन माप सरळ झालं नसतं."

"तुला नाव राखायला सांगितलं हुतं."

"तुमीच शिकवलंत, गाऱ्हाणं आलं की माणसाच्या तोंडाकडं बघायचं न्हाई, पाण्याकडं बघायचं."

म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं. बूजमानं पेज भरवायला चमचा पुढं केला. त्यानं दात घट्ट मिटले. पेज हनुवटीवरून गळ्यात ओघळली. दोन दिवस असंच. बूजमा येई, पुसे, कूस बदलून देई, पाय धुवे. म्हातारा त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. माफ केलं असंही म्हणाला नाही, बरं केलंस असंही नाही. मसऊदाचं दूध यायचं थांबलं होतं. रविवारी दुपारी नमाजाच्या वेळेला त्याचा श्वास थांबला तेव्हाही तोंड भिंतीकडंच होतं. बूजमानं ते वळवून सरळ केलं, डोळे मिटले, आणि मग ओक्साबोक्शी रडला. शिव्या देत रडला.

गावानं काही कमी केलं नाही. हाज मौलूद दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, असा माणूस होणे नाही. सगळे माना डोलवत होते. गुरुवारचं कुणी काढत नव्हतं. मडकी यायला लागली. कल्तूमनंही आपल्या त्या पेन्सिलीएवढ्या पाटातून एक मडकं भरून आणलं. भरायला किती वेळ लागला ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सतरा झाली.

अठरावं मागायला जायला कुणी तयार होईना. शेवटी बूजमाच रिकामं मडकं घेऊन गेला.

मसऊदा तिच्या बागेत उभी होती. पाणी भेगाळलेल्या जमिनीत शिरत होतं आणि ती कुदळीनं त्याला वाट करून देत होती. त्याला पाहूनही हात थांबला नाही.

"खाल्ती, आंघोळीचं मडकं."

"बिलालला कशानं आंघोळ घातली, ठावं हाय?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"रस्त्याच्या कामावर टँकर आला नव्हता चार दिवस. प्यायला नव्हतं, तर मेलेल्याला कुठलं? मातीवर हात मारून तोंड पुसलं, हात पुसले. झालं. त्याच्या बरोबरचा माणूस सांगून गेला मला." तिनं कुदळ टेकली. "इथं त्याचं पाणी तुमच्या खजुरीला चाललं हुतं त्या दिवशी. आणि त्याला मातीनं पुसलं."

बूजमा मडकं घेऊन उभा राहिला.

"तुझ्यावर राग न्हाई माझा," ती म्हणाली. "पर ह्ये पाणी माझं हाय ना आता? तू म्हणालास ना, माझंच हाय?"

"व्हय."

"मग मी देत न्हाई."

ती परत वाफा ओढायला लागली. बूजमा रिकामं मडकं घेऊन निघाला.

बा अल्लालच्या दारात हाज मौलूदनं मडक्यात वाकून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या पाटातनं भर की रं. माणसं खोळंबलीत. कुणाला कळतंय?"

"न्हाई, हाजी."

"अरं, मेलेल्याची अब्रू हाय! सगळं गाव बघतंय!"

"बघू दे."

सतरा मडक्यांच्या पाण्यानं बूजमानं बा अल्लालला आंघोळ घातली. सुजलेले पाय धुतले, तो थोटा अंगठा धुतला, डोकं धुतलं. कुठंही हात आखडला नाही. मग कोपरापर्यंत स्वतःचे हात धुतले, ते रिकामं अठरावं मडकं उचललं आणि जनाजा जिथून निघणार होता त्या उंबऱ्याच्या मधोमध नेऊन ठेवलं. खांदेकऱ्यांना ते ओलांडूनच जावं लागलं.